हिरवं दिसतं सगळं

पोवई नाक्यावर आमच्या पाटीवर अजून
‘आतार वॉच कंपनी’च लिहिलंय.
घड्याळं आता कोणी आणत नाही.
अब्बांच्या चिमट्यांनी मी दुर्बिणी खोलते.

पोरं येतात, कासला जायचं असतं,
म्हणतात, मोठ्यात मोठा आकडा द्या.
मी बारा पटीची देते हातात,
म्हणते, अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचा तांबडा दिवा धर.
दिवा नाचतो. पोरगं श्वास धरतं, तरी नाचतो.
मग आठ पटीची देते.
दिवा जागेवर येतो, पोरगं जरा हिरमुसतं.

वैजयंताबाई आल्या त्या दिवशी
पिशवीत मेथी होती आणि बँकेचं पासबुक.
तांबव्याच्या पलीकडे, नदीकडेला दोन एकर ऊस.
लाईट रात्री बाराला येते.
मालक सुरतेला, मोटर चालू करायला ह्याच.
“बिबट्या हाय आमच्यात. दिसंल असं कायतरी द्या.”

एकच होतं माझ्याकडं, जुनं रशियन,
एका सुभेदारांच्या मुलानं विकायला ठेवलेलं.
खरं तेच सांगितलं.
सत्तर पावलांपुढं भरवसा नाही.
उसाच्या पाल्याआड काहीच नाही,
पाला पाल्यासारखाच दिसणार.
कानाशी बारीक शिटी वाजेल, घाबरू नका.
टोपणाला सुईएवढं भोक आहे,
दिवसा बघायचं तर तेवढ्यातूनच.
टोपण काढून उजेड दाखवलात,
गाडीची लाईट, मोटरच्या खोपीतला बल्ब,
तर आतली नळी जळते, परत येत नाही.

“म्हंजी घुबडागत.”
व्हय, मी म्हटलं, घुबडागत.
आणि बारका दिवा लावून डोळे शोधा.
जनावराचे डोळे चमकतात.

काम झालं की सेल काढून ठेवा.
डबा घट्ट झाकणाचा,
आत निळ्या खड्यांची पुडी.
खडे गुलाबी झाले की तव्यावर हलकेच भाजा,
निळे होईपर्यंत.
त्यांनी सगळं म्हणून दाखवलं,
खडे भाजायचं दोनदा.

मग गणपती झाले, घट बसले.
बाई परत आल्या, पिशवीत तोच डबा.
भिंगाच्या आत बुरशी,
कोळ्यानं निवांत बसून विणावी तशी.
डब्यात खड्यांच्या जागी तांदूळ.
“खडं पोरानं सांडलं, मग म्हटलं
मिठाच्या बरणीत चालत्यात, हितं का न्हाई.”
तांदळाची भुकटी बसते, ताई,
आणि ओलही सुटत नाही.
त्यांनी मान डोलावली, जशी शाळेत डोलावतात.

मी आधी रबरी फुग्यानं वारा दिला.
तोंडाची फुंकर कधीच नाही, थुंकी उडते.
मग उंटाच्या केसांचा ब्रश.
मग कापडाला एक थेंब, भिंगाला नाही.
मधून कडेकडे, गोल, वजन न देता.
अब्बा म्हणायचे, तान्ह्या बाळाचं कपाळ पुसतोस असं समज.
मला बाळ नाही. मी काच पुसते असं समजते.

“दिसला का बिबट्या?”

बाई मेथीच्या काड्या मोडत होत्या, दुकानातच.
“डोळं दिसलं एकदा, दोन, चमाकल्यालं.
ससा निगाला.
मग एका रात्री बांधावर कुनीतरी वाकल्यालं.
मी डोळं शोधाय लागले.
चमकंनात.”

काट्याचा आवाज येत होता,
एकुलतं एक घड्याळ चालू आहे भिंतीवर.

“फावडं हुतं हातात.
माझ्या सरीचं पानी त्यानं
आपल्यात वळवलं.
हिरवा दिसत हुता, पानी बी हिरवं.
बराच येळ बघितलं.
शिटी वाजत हुती कानात.”

कोण, असं माझ्या तोंडात आलं होतं.
त्यांनी पासबुकाच्या कव्हरावरचा धागा उपटला.
“भाऊबीजंला यील आता.
बुरशी पुरी जाईल न्हवं?”

कडेला एक डाग राहील, मी म्हटलं.
काचेचा लेप खाल्लाय तिथं.
बघताना अडणार नाही,
फक्त दिवा समोर आला
तर तिथं थोडं धुरकट.

“राहूंद्या,” म्हणाल्या. पैसे मोजले.
सेल काढून रुमालाच्या टोकात बांधले, वेगळे,
आणि खड्यांच्या दोन पुड्या मागून घेतल्या.